प्रसंग एकसष्ट, वगळला

६ जानेवारी, सोमवार

बबीने पटकथा लिहिली.

बबीने! माझी धाकटी बहीण, शाळेच्या कार्यालयात कारकून. हजेरीपट आणि दाखले सोडून तिने आयुष्यात काही लिहिलेलं नाही. 'आशीर्वाद'मधली वेलांटी कुठली, ते आजही मला फोन करून विचारते. तिने मला पत्ता लागू न देता तीन महिन्यांत एकशे चौतीस पानं लिहिली आणि थेट बघूकडे नेऊन दिली. त्याने ती घेतलीसुद्धा.

बघू म्हणजे आमचा दिग्दर्शक. एकोणीस वर्षं मी त्याच्यासाठी दुसऱ्यांच्या पटकथा दुरुस्त करतेय. चित्रीकरणाआधी कुठला प्रसंग ठेवायचा, कुठला उडवायचा, कुठलं पात्र खोटं बोलतंय, ते शोधणं माझं काम. पडद्यावर माझं नाव 'आभार'मध्ये येतं, जेवण पुरवणाऱ्याच्या वर. माझी स्वतःची एक पटकथा त्याच्या कपाटात चौदा वर्षं पडून आहे. विचारलं की म्हणतो, "छान आहे ती. बघू." म्हणून त्याचं नाव बघू. बबीची वाचून मात्र त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी तिला फोन केला. दुसऱ्याच दिवशी!

आणि ती दुरुस्तीला आली कुणाकडे, तर माझ्याकडे. "घरचाच विषय आहे," बघू म्हणाला, "तुझ्याइतकं कुणाला कळणार?" विषय म्हणजे आमचे बाबा. नाव 'कवळी'.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अरे वा! म्हणजे घराण्यात दोन लेखिका झाल्या."

"दोन कुठल्या मोजल्या?" मी विचारलं. ह्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

मला आनंदच झालाय. तसं इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर वाद नको.

७ जानेवारी, मंगळवार

बबी आली होती, फुलं घेऊन. पटकथा हिची घेतली आणि फुलं मला, म्हणजे आजाऱ्याला बघायला आल्यासारखी!

"ताई, तू हात फिरव हं त्याच्यावर. मला काही कळत नाही त्यातलं. तुला नको वाटेल ते काढ."

"काढणारच आहे. तेच तर काम माझं."

"फक्त एकदा सगळी वाच. सलग."

एकोणीस वर्षं हेच करणाऱ्या बाईला ही शिकवतेय, सलग वाच! चप्पल घालता घालता पुन्हा म्हणते, "एकसष्टावा प्रसंग तर नक्की वाच." म्हणजे स्वतःचा तो प्रसंग स्वतःलाच फार आवडलेला दिसतोय. नवख्यांचं हे असंच. एक वाक्य बरं जमलं की त्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत.

९ जानेवारी, गुरुवार

वाचली. दोन बैठकांत वाचली, मध्ये एकदा उठून उगाचच कपाट आवरलं.

चांगली आहे. काय करू, चांगली आहे! बाईला अनुस्वार कळत नाही आणि संवाद असे लिहिते की माणसं खोलीत येऊन बसतात.  

बाबा दातांच्या कवळ्या करायचे. मागच्या खोलीत फळीवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने ठेवलेले असत, आम्ही दोघी त्यांना नावं ठेवायचो. नवी कवळी बसवली की बाबा गिऱ्हाइकाला म्हणायला लावत, "दादा, ताठ बसा, दात दाखवा." ह्या वाक्यात त आणि द भरलेत. ते म्हणत, "त, थ, द, ध हे दातांचे. तिथे जीभ टेकायला भिंत लागते. प, ब, म ओठांचे. ते बोळक्यालाही येतात." गिऱ्हाइकाचा त स्वच्छ आला की ते हात धुवायला जात.

मग त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. स्वतःच्या हाताने केलेली कवळी तोंडात थांबेना, म्हणून ती पेल्यात पडून राहिली. पुढच्या दोन वर्षांत त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला. 'बबी.' ओठांचा शब्द. मला कळत होतं ना कारण! तरी दर वेळी जिना चढताना आतून ते 'बबी, बबी' ऐकू आलं की वाटायचं, इथूनच परत फिरावं.

मी दर बुधवारी आणि रविवारी त्यांच्या आणि बबीच्या घरी जायचे. शब्दांची कार्डं करून न्यायचे. "ताई म्हणा बाबा. जीभ वर. हिरडीला टेकवा. ता." दोन वर्षं घासले. ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

आणि हिच्या एकसष्टाव्या प्रसंगात ते काय म्हणतात? 'ताई' म्हणतात! तेही मंगळवारी, थोरली घरात नसताना. सोयीचंच की. जो साक्षीदार आहे तोच लेखक. स्वतः सगळा बाप घेतला आणि आता मला एक तुकडा टाकतेय, वर सांगतेय नक्की वाच. तो शब्द वाचला आणि पान तिथेच मिटलं. अशी दया मला नको.

१४ जानेवारी, मंगळवार

बघूकडे बैठक. एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट, असा आमचा हिशेब. एकशे चौतीसची एकशे दहा करायची. म्हणजे चोवीस पानं माझ्या ताब्यात. पेन्सिलींना टोक करून ठेवलं.

प्रसंगांचे क्रमांकही आज पक्के झाले. बबीला हे सांगताना मला फार हसू आलं. क्रमांक एकदा पडले की हलत नाहीत, कारण कपडेपटापासून दिवेवाल्यांपर्यंत सगळे त्या आकड्यांवर चालतात. प्रसंग काढला तरी त्याचा आकडा राहतो, पुढे नुसतं 'वगळला' लिहायचं. नवीन घातला तर त्याला अ, ब लावायचं. दुरुस्तीची पहिली फेरी निळ्या कागदावर, दुसरी गुलाबी.

"म्हणजे काढलेल्याची जागा तशीच राहते?" बबीने विचारलं.

"आकडा राहतो. जागा नाही."

तिने ते वहीत लिहून घेतलं. ही काय परीक्षेला बसणार आहे?

२० जानेवारी, सोमवार

एक्केचाळिसावा काढला. त्यात थोरली कार्डं घेऊन बापाला बोलायला शिकवते आणि पाच मिनिटांत सात वेळा "पुन्हा" म्हणते. मला मास्तरीण करून ठेवलंय. मी सात वेळा म्हणत नसे.

बावन्नावाही काढला. थोरली गेल्यावर बाप एकटा पलंगावर पडून तोंडात जीभ फिरवतो, वर नेतो, खाली आणतो, आणि धाकटी दाराच्या फटीतून बघते. बस, एवढंच. नट नुसती जीभ हलवतोय आणि प्रेक्षकांनी काय करायचं? समासात लिहिलं, "हेतू अस्पष्ट."

बघूने मान डोलावली. बबीही म्हणाली, "तुला कळतं त्यातलं." एवढा समजूतदारपणा हिच्यात कुठून आला? लहानपणी माझी खडूची पेटी मी परत मागितली की घर डोक्यावर घ्यायची.

२२ जानेवारी, बुधवार

आज वर्णनं छाटली. पंचावन्न ते सत्तर सरसकट. बबीला वाटतं, पटकथा म्हणजे आपण खिडकीत बसून सगळं सांगायचं. एका ठिकाणी तर अर्धं पान नुसता डावा हात पेल्याकडे जातोय. हात पोचतो, पाणी सांडतं, कवळी निसटते, पुन्हा हात. अर्धं पान! दात घालायला! मी सबंध चौकोनावर लाल काट मारली. एका दिवसात साडेसहा पानं वाचवली.

ह्यांना अभिमानाने सांगितलं. हे म्हणाले, "एवढं काढल्यावर उरलं काय?"

"चित्रपट उरला," म्हटलं. ह्यांना कोण सांगणार!

२९ जानेवारी, बुधवार

आज माझा दिवस!

मी एक नवा प्रसंग लिहिलाय. अठ्ठेचाळीस अ. बबीच्या पटकथेत धाकटी जरा जास्तच गुणाची आहे. भरवते, पुसते, कधी थकत नाही, कधी चिडत नाही. असं माणूस असतं का? म्हणून मी एक दुपार घातली. बाप घास बाहेर काढतो, पुन्हा काढतो, तिसऱ्यांदा ती चमचा भिंतीवर फेकते आणि ओरडते, "मरत का नाही तुम्ही?" मग खाली बसून फरशी पुसते.

बघूने वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. "हे तू लिहिलंस?" त्या प्रश्नासाठी मी एकोणीस वर्षं थांबले होते. मी अगदी साधेपणाने म्हटलं, "हो, सुचलं."

बबीने तिथेच उभ्याने वाचलं. वाचून झाल्यावर पान माझ्याकडे देईना, हातातच धरून राहिली.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? रचलंय."

"बरं," ती म्हणाली. "राहू दे. असू दे ते."

नाकाला मिरच्या झोंबल्या वाटतं. झोंबू देत. स्वतःची आरती ओवाळून घ्यायला पटकथा लिहीत नाहीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

सापडली! चूक सापडली!

गुलाबी फेरीसाठी निळी पानं शांतपणे वाचत होते. एकसष्टावर आले. मी तो इतके दिवस मुद्दाम ठेवला होता. नुसता आवडला नाही म्हणून काढला असता तर बघूला वाटलं असतं, बहिणीबहिणींचं काहीतरी आहे. आज बघते तर पहिल्याच ओळीत लिहिलंय: "बाबा पलंगावर. कवळी पेल्यात." आणि चार ओळींनी बाबा म्हणतात, "ताई."

कवळी पेल्यात आणि त म्हणतात? कवळ्या करणाऱ्याच्या मुलीने ही चूक करावी! दातांशिवाय त येत नाही, हे मी दोन वर्षं घासून बघितलंय. ब म्हणा, म म्हणा, त्यांच्या लाडकीचं नाव हवं तितक्या वेळा म्हणा. पण त? तो शब्द त्या तोंडातून निघालाच नसता. अगं, रचायचं तर नीट तरी रचायचं!

समासात लाल पेन्सिलीने लिहिलं: "कवळी तोंडात नाही. दंत्य वर्ण अशक्य. प्रसंग वगळावा." टोक दोनदा मोडलं. आनंदानेच असणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बघूसमोर, साहाय्यकांसमोर, सगळ्यांसमोर समजावून सांगितलं. मुख्य नटाला खुर्चीत बसवलं, ओठ आत दुमडायला लावले आणि म्हटलं, "म्हणा ताई." त्याच्या तोंडून 'फाई' की 'हाई' असं काहीतरी निघालं. सगळे हसले. बघू म्हणाला, "वा! ह्याला म्हणतात संपादन."

बबी हसली नाही. "चूक आहे ना?" मी तिला विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. "तुला ते नकोय का, ताई?"

"मला नको असण्याचा प्रश्न नाही. ते शक्य नाही."

"मग काढ."

जिंकले. एकसष्ट, वगळला. संध्याकाळी ह्यांना घेऊन बाहेर जेवायला गेले. अर्धं ताट परत पाठवलं. तेल जास्त होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बबीने सहा दिवसांत फोन केला नाही. मीही केला नाही. मोठीनेच का दर वेळी करायचा?

बुधवार असला की अजून दुपारी हात पिशवीकडे जातो. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काय लिहू? क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

आज सगळ्या नटांसह वाचन होतं. लांब टेबल, गुलाबी पानं, एकशे दहा बरोब्बर. माझी मान ताठ. वाचन छान झालं. शेवटी बघूने विचारलं, कुणाला काही शंका? थोरलीचं काम करणारी नटी म्हणाली, "मी एक विचारू का? ह्या बाईला अख्ख्या सिनेमात कुणी हाकच मारत नाही. ती सगळ्यांना बोलते, पण हिला कुणीच नाही. बापसुद्धा नाही. घरात हिला म्हणतात तरी काय?"

मी पटकन उत्तर दिलं. "तीच तर गोष्ट आहे ना. बापाला तिचं नाव घेता येत नव्हतं. धाकटीचं येत होतं, हिचं नाही."

बबी उठली आणि बाहेर गेली. खुर्ची पडली तिची. सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणून मला जावं लागलं. ती जिन्यात उभी होती, कठड्याला धरून.

"लोकांसमोर हा काय तमाशा?" मी म्हटलं.

"काही नाही. तुला ते नको होतं. कळलं मला."

"पुन्हा तेच! चूक होती म्हणून काढलं. कवळी पेल्यात होती..."

"पेल्यातून काढली ना त्यांनी!" बबी ओरडली. खालच्या मजल्यावरचं दार उघडलं आणि पुन्हा लागलं. "लिहिलं होतं मी. अर्धं पान लिहिलं होतं. तूच खोडलंस ते. आधी तू त्यांचा हात खोडलास आणि मग म्हणालीस, दात कुठून आले!"

मला एकदम समजलंच नाही. मी विचारलं, "कुणी काढली?" इतका मूर्ख प्रश्न मी जन्मात विचारला नसेल.

"बाबांनी. डाव्या हाताने. मी इस्त्री करत होते. मला वाटलं पाणी हवंय, मी पेला पुढे केला तर त्यांनी माझा हात ढकलला. स्वतःच काढली, स्वतःच बसवली. दोनदा पडली. अंगठ्याने वर दाबून धरली आणि म्हणाले."

"तू हे रचलेलं नाहीस?"

"मला कुठे रचता येतं, ताई? रचता तुला येतं. चमचासुद्धा खराच होता. तुला तो कसा कळला, देव जाणे."

मी पायरीवर बसले.  मला आठवलं ते हे, की माझ्या लाल काटेखाली तो हात तीन वेळा पेल्याकडे गेला होता आणि मी पानं मोजत होते. आणि बावन्नाव्या प्रसंगातली ती जीभ. हेतू अस्पष्ट!

मग मी विचारायचं ते विचारलं. "मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

 बबी बोलली ती कठड्याकडे बघून.

"सांगवलं नाही. दोन वर्षं मी भरवलं, मी पुसलं. माझं नाव काय, ते तर असंच यायचं, शिंक आल्यासारखं. आणि माझ्यासमोर बसून त्यांनी दात लावले ते तुझं नाव घ्यायला. मला असा राग आला, ताई, असा राग आला! मी त्यांच्या तोंडातून ती कवळी ओढून काढली आणि परत पेल्यात टाकली. म्हटलं, ती उद्या येईल तेव्हा म्हणा तिला. दुसऱ्या दिवशी तू आलीस, कार्डं काढलीस, आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपले. परत कधी पेल्याला हात लावला नाही त्यांनी."

"मग आता लिहिलंस कशाला?"

"तोंडाने सांगता येत नव्हतं म्हणून. म्हटलं, कागदावरून तरी पोचेल तुला. तू तर वर लिहिलंस, अशक्य."

आम्ही दोघी रडलो का? नाही. बबी आत जाऊन तिची खुर्ची उचलून बसली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

तिचा राग मला यायला हवा. येतोय. पण तो जेवढा तिचा येतो तेवढाच ओळखीचा वाटतो, त्यामुळे नीट धरताच येत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बघूकडे गेले. सगळे होते तिथे. म्हटलं, एकसष्टावा परत हवा.

"आता?" बघू म्हणाला. "सोमवारी पानं कायम होतायत. आणि तूच तर सिद्ध केलंस, दातांशिवाय त येत नाही. सगळे हसले होते."

"चूक माझी होती. बावीस जानेवारीला मी त्यातलं दात घालण्याचं वर्णन खोडलं, आणि पुढच्या फेरीत दात नाहीत म्हणून प्रसंग खोडला. माझीच काट आणि माझीच शंका."

कुणीतरी खोकलं. एकोणीस वर्षांत माझी एक चूक कुणाला सापडली नव्हती. आज मीच ती टेबलावर मांडली. 

"दीड पान वाढेल. कुठून आणू?"

"अठ्ठेचाळीस अ काढा."

"तो तर तुझा आहे! अख्ख्या पटकथेत तेवढाच तर तुझा..." बघू खरंच हळहळला. मीही हळहळले. चांगला होता तो, खोटं कशाला बोलू. "बरं," तो म्हणाला, "बघू."

"बघू नाही," मी म्हटलं. "आत्ता लिहा, माझ्यासमोर."

त्याने लिहिलं. बावन्नाव्याचंही विचारलं. त्याला जागा नाही म्हणाला. बावन्नावा गेला तो गेलाच.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच बबीकडे गेले. मूळ पांढरी पानं तिने फाडून टाकली होती, माझ्या प्रतीवर सगळं लाल गिरबटलेलं. म्हटलं, तू सांग, मी लिहिते.

ती सांगत गेली. बाबांच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून तिने डावा हात पुढे केला आणि कसा गेला ते दाखवलं. हात जातो. बोटं पेल्याच्या काठाला लागतात. पाणी सांडतं. कवळी निसटते. पुन्हा हात. तिचं तोंड वाकडं झालं होतं आणि तिला ते कळत नव्हतं. मी लिहीत होते आणि मान वर करत नव्हते. अर्धं पान भरलं, पाऊण भरलं. एक शब्द बदलला नाही. वेलांट्या दोन सुधारल्या, तेवढ्या सुधारणारच.

"मग काय म्हणाले?"

"ताई."

बबी मला दिवसातून पन्नास वेळा ताई म्हणते. आज तिने ते त्यांच्यासारखं म्हटलं, दात अंगठ्याने धरून, त आधी आणि ई कितीतरी वेळाने. मला ते लिहायला एवढा वेळ लागला की तिने विचारलं, "लिहिलंस ना?"

"लिहिलं."

"पुढचं पण लिही मग," ती म्हणाली. "धाकटी पुढे होते. त्यांच्या तोंडातून कवळी ओढून काढते, आणि..." इथे तिने माझ्या कागदावर बोट ठेवलं. "लिही. खरं आहे ते. लोकांना कळू दे."

माझी पेन्सिल कागदावर होती. गेल्या महिन्यात हे हाती लागलं असतं तर मी नाचले असते. आणि पटकथेच्या दृष्टीने बोलायचं तर त्या सबंध चित्रपटात ह्याहून जबरदस्त काही नाही. हे मला कळतं. एकोणीस वर्षं मी हेच शोधून काढते.

"नको," मी म्हटलं. "लांब होतंय गं. इथेच थांबवू."

बबीने माझ्याकडे बघितलं. मग नाक पुसलं आणि म्हणाली, "तुला कळतं त्यातलं."

मी पान पिशवीत घातलं. तिने चहा टाकला.